1966 ची मस्टँग, फिनिक्सचा उन्हाळा: रेडिएटर आणि ट्रान्समिशन कूलरचा वापरानंतरचा अनुभव

अ‍ॅरिझोनात जुनी गाडी रोजच्या वापरात ठेवायची, तर सगळी गणितं उन्हाळ्यापासून सुरू होतात. 2023 मध्ये फिनिक्सला जूनअखेरपासून सलग 31 दिवस कमाल तापमान 110 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं, म्हणजे 43 सेल्सियसच्या वर. हा हवेचा आकडा झाला. डांबरी रस्त्यावर, पुढच्या ट्रकच्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीच्या जाळीत जी हवा शिरते ती याहून कितीतरी गरम असते.

माझी गाडी 1966 ची फोर्ड मस्टँग. 289 घनइंचांचं व्ही-8 इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, 200 अश्वशक्ती आणि तीन गिअरचं सी-4 ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स. डॅशबोर्डखाली टांगलेला एसी आहे, त्याचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात. तांब्या-पितळेचा, पाण्याच्या नळ्यांच्या दोन रांगांचा रेडिएटर गाडीबरोबरच आला होता. नवा रेडिएटर आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा स्वतंत्र ट्रान्समिशन कूलर मी हिवाळ्यात बसवला, मग अख्खा उन्हाळा गाडी चालवली आणि आता थंडी सुरू होताना हे लिहितोय.

खरेदीआधीचं एक काम सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. या मस्टँगच्या तापमानाच्या मूळ काट्याला आकडेच नाहीत. एका टोकाला 'सी', दुसऱ्या टोकाला 'एच', मधल्या पट्ट्यात काय ते तुम्ही समजून घ्या. त्यावरून रेडिएटर निवडता येत नाही. मी आधी आकड्यांचे दोन गेज लावले, एक इंजिनच्या पाण्याला आणि एक ट्रान्समिशनच्या ऑइल पॅनला. चित्र लगेच स्पष्ट झालं. हायवेला पाणी 195 फॅरनहाइटवर ठाम, पण एसी लावून दोन-तीन सिग्नल लागले की 225 च्या पुढे. ट्रान्समिशनचं ऑइल शहरातच 230 ला टेकायचं.

गाडी उभी असताना तापते आणि पळताना थंड राहते, याचा अर्थ हवा कमी पडते. उलट पळताना तापत असेल तर कोअर (रेडिएटरचा नळ्या-पात्यांचा गाभा) चोंदलेला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असतो. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा मिश्रण पातळ असेल तरीही इंजिन तापतं. तेव्हा तेही आधी तपासून घ्या. माझ्या गाडीत हे सगळं ठीक होतं. फॅनभोवती श्राउड, म्हणजे हवेला वाट देणारं आवरण, मात्र नव्हतं. श्राउड नसेल तर फॅन कोअरच्या मधल्या वर्तुळातून हवा ओढतो आणि चारही कोपरे नुसते बघत बसतात.

आता रेडिएटर. बाजारात सगळी भाषा रांगांची. तीन रांगा, चार रांगा, जास्त म्हणजे चांगलं. हे अर्धंच खरं आहे. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं यात वादच नाही. पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या नळ्या साधारण अर्धा इंच रुंद असतात आणि पाती त्यांना डाखेने जोडलेली असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये एक इंच रुंदीच्या नळ्या करता येतात, म्हणून दोनच रांगांत तेवढाच संपर्क मिळतो आणि हवेलाही वाट मोकळी राहते. चार रांगांच्या जाड कोअरमधून हवा ढकलायला फॅनमध्ये दम लागतो. सिग्नलला उभ्या गाडीचा यांत्रिक फॅन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर फिरत असतो, त्याच्याकडे तो दम नसतो.

म्हणून मी एक-एक इंचाच्या दोन रांगांचा, संपूर्ण ब्रेझ केलेला (वितळलेल्या धातूने सांधलेला) अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर घेतला, मूळ मापाचा. खालच्या टाकीत ट्रान्समिशनचा कूलर असलेलाच घेतला आणि काळा रंग दिलेला. बॉनेट उघडल्यावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियम मला या गाडीत बघवत नाही. मूळ रेडिएटर गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलाय, कारण तांब्या-पितळेचा रेडिएटर कधीही नवा कोअर घालून उभा करता येतो. गाडी प्रदर्शनापुरतीच बाहेर काढणार असाल किंवा तुमच्याकडे ऊन बेताचं असेल, तर मी म्हणेन मूळ रेडिएटरच नव्या कोअरने दुरुस्त करून घ्या. मुंबई-कोल्हापूरकडे ज्यांच्या जुन्या शेव्हरोले इम्पाला अजून चालत्या आहेत त्यांनाही हेच सांगेन. हे काम जाणणारे जुने कारागीर तिकडे आहेत, त्यांना काम द्यायलाच हवं.

श्राउड आणि सात पात्यांचा फॅन क्लचसकट लावला. फॅनची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर राहिली पाहिजेत, तरच ओढ नीट बसते. नवा कोअर जुन्यापेक्षा थोडा जाड निघाला, त्यामुळे फॅन आणि कोअरमधलं अंतर इंचाच्या आत आलं. पातळ स्पेसर घालून ते पुन्हा इंचभर केलं. इलेक्ट्रिक फॅनचा विचार मी सोडून दिला. त्या काळच्या अल्टरनेटरची ताकद साधारण 40 अँपिअर, आणि चांगला इलेक्ट्रिक फॅन त्यातले वीस-पंचवीस एकटाच खातो.

रेडिएटरच्या तोंडावरची प्रेशर कॅप 13 पीएसआयचीच (चौरस इंचाला 13 पौंड दाब) ठेवली. दर पीएसआयला उत्कलनबिंदू साधारण तीन अंश फॅरनहाइटने वर जातो, म्हणून लोक जास्त दाबाची कॅप लावतात. पण तो दाब डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरवरही येतो, आणि तो फुटला तर पाणी थेट कार्पेटवर.

आता ट्रान्समिशन कूलर. माझ्या मते खरा फरक इथेच पडला. सी-4 मध्ये लॉक-अप, म्हणजे घसरण थांबवणारी थेट पकड, नाही. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर कमी वेगात सतत घसरत असतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. कंपनीच्या रचनेत ते ऑइल रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या नळीतून फिरून परत येतं. म्हणजे टाकीतलं पाणी जितकं गरम, त्याखाली ऑइल कधीच उतरणार नाही. शिवाय ती उष्णता पाण्यातच मिसळते, आणि आधीच धापा टाकणाऱ्या रेडिएटरवर आणखी एक ओझं पडतं. जुन्या मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे: 175 फॅरनहाइटच्या वर दर 20 अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. 230 म्हणजे काय झालं ते तुम्हीच मोजा. मी पॅन उतरवला तेव्हा ऑइल तपकिरी झालं होतं आणि जळका वास येत होता.

दुसरी भीती त्या टाकीतल्या नळीचीच. पन्नास-साठ वर्षांच्या रेडिएटरमध्ये ती आतून फुटली, तर कूलंट ऑइलमध्ये जातं आणि डिपस्टिकला गुलाबी लस्सीसारखा फेस लागतो. कूलंटमधल्या ग्लायकॉल आणि पाण्यामुळे क्लच प्लेटचं अस्तर सुटतं, मग ट्रान्समिशन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. मूळ रेडिएटर वापरत असाल तर नुसती बाहेरून गळती बघून थांबू नका, ही नळी दाब देऊन तपासून घ्या.

बाहेरचे कूलर तीन प्रकारचे. नळी-पातीचा सगळ्यात स्वस्त, त्यानंतर प्लेट-फिन, आणि सगळ्यात चांगला स्टॅक्ड-प्लेट. मी तिसरा घेतला. त्याच्या बऱ्याच मॉडेलांत थंड, घट्ट ऑइल आतूनच बगल देऊन पुढे जातं. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला पहाटे पारा शून्याखाली असतो, तिथे हे उपयोगी पडतं. माप मध्यमच ठेवलं. ट्रेलर ओढायचा नसेल तर सगळ्यात मोठा कूलर म्हणजे कंडेन्सर आणि रेडिएटरच्या वाटेत उभी केलेली भिंत.

जोडणी अशी: ट्रान्समिशनमधून गरम ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये, तिथून सरळ ट्रान्समिशनकडे परत. पाण्याने जेवढं थंड करता येईल तेवढं करू द्यायचं, बाकीचं काम हवेचं. कूलरबरोबर प्लास्टिकच्या काड्या मिळतात, त्या कोअरमधून आरपार घालून आवळायच्या असतात. त्या मी वापरल्या नाहीत, कारण हादऱ्यांनी घासून त्या कोअरच्या नळ्या कापतात. पट्टीचे ब्रॅकेट करून कूलर कंडेन्सरच्या पुढे, खालच्या अंगाला बसवला, मध्ये बोटभर फट ठेवून. होज ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच घ्या, पेट्रोलचा चालत नाही.

पाइप आवळताना दोन पाने लागतात. एकाने टाकीवरचं फिटिंग धरायचं, दुसऱ्याने पाइपचा नट फिरवायचा. पितळी टाकी हे थोडंफार सोसते. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत फिटिंग किंचित फिरलं तरी वेल्डला केसभर तडा जातो आणि गळती महिन्याभराने दिसते.

उन्हाळ्याचा हिशोब असा. शहरात एसी लावून पाणी आता 195 ते 205 मध्ये असतं. 112-115 च्या दुपारी लांब सिग्नलला ते 210 पर्यंत चढतं, पण गाडी हलली की मिनिटभरात उतरतं. ट्रान्समिशन शहरात 175-180. खरी कसोटी फिनिक्सहून उत्तरेला जाणाऱ्या आय-17 हायवेवर. ब्लॅक कॅनियन सिटी सोडल्यावर सनसेट पॉइंटपर्यंत सलग चढ आहे. इथल्या अशा चढांवर एसी बंद करा अशा पाट्याच लावलेल्या असतात, आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या नव्या गाड्याही दिसतात. जुलैत मी तो चढ एसी बंद करून चढलो. वर पोचताना पाणी 208, ऑइल 195, आणि सपाटीला लागल्यावर दोन्ही काटे भराभर खाली आले. ट्रान्समिशनचं टाइप-एफ ऑइल इतक्या महिन्यांनंतरही लालभडक आहे आणि वास स्वच्छ आहे. गिअर बदलताना आधी जो एक आळस जाणवायचा, तो गेला.

तक्रारी आहेत. रेडिएटरची बसवायची भोकं दोन मिलीमीटर इकडे-तिकडे होती, कानसीने लांबट करावी लागली. या किमतीला, साडेतीनशे डॉलरच्या आसपास, हे व्हायला नको होतं. खालचा ड्रेन कॉक पहिल्याच महिन्यात पाझरू लागला, सील बदलल्यावर थांबला. मागवण्याआधी खालच्या होजची बाजू आपल्या वॉटर पंपाशी ताडून बघा. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत ती डावी-उजवी होते आणि विक्रेत्याच्या यादीवर विसंबून भागत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला एक पथ्य आहे: नळाचं पाणी नको. फिनिक्सचं पाणी भलतंच जड आहे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. मल्टिमीटरचं एक टोक रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवून दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचं. आकडा 0.1 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर कुठेतरी अर्थिंग कच्चं आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढते. तसं झालं तर नवा रेडिएटर आतून छिद्रं पडून वर्ष-दोन वर्षांत जातो. माझ्या गाडीत आधी 0.3 येत होते. इंजिन आणि बॉडीमधली जुनी गंजलेली पट्टी बदलली, तेव्हा 0.04 वर आलं. दर सर्व्हिसला मी आता हे मोजतो, पुढची तपासणी कूलंट बदलताना जानेवारीत.