लाव्यासाठी कोणतं कुरण: फेस्क्यू की ब्लूस्टेम?

उत्तर अमेरिकेतल्या बॉबव्हाइट लावा या पक्ष्याला फेस्क्यू आणि ब्लूस्टेम या दोन्ही गवतांची कुरणं मिळतात. वरून दोन्ही हिरवीच. फरक आहे तो जमिनीलगत.

टॉल फेस्क्यू हे युरोपातून आलेलं गवत. १९४३ मध्ये त्याचा ‘केंटकी-३१’ हा वाण आला आणि आग्नेय अमेरिकेतली कुरणं त्याने भरून गेली. गुरांना थंडीच्या दिवसांतही चारा मिळतो, हा त्याचा खरा गुण. पण ते चटईसारखं घट्ट वाढतं. नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू अंगठ्याएवढं असतं. त्या दाटीतून ते पळणार कुठून?

स्थानिक ब्लूस्टेम झुबक्यांनी वाढतं. वर पात्यांचं छप्पर, मध्ये उघडी माती आणि रानफुलं. त्या फुलझाडांवर किडे येतात, आणि पहिले दोन आठवडे पिल्लं मुख्यतः किड्यांवरच जगतात. घरट्याला मागच्या वर्षीचं वाळलेलं गवतही तिथेच मिळतं.

लाव्याच्या बाजूने पाहिलं तर माझं मत निःसंशय ब्लूस्टेमला. मात्र ते लावून सोडून देणं पुरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी तुकड्यातुकड्याने नियंत्रित जाळणी केली नाही, तर पाचोळा साचून तिथलीही मोकळी माती झाकली जाते.