सूर्याआडचा ग्रह पाहण्यासाठी सोहोची चित्रे : उपयोग आणि मर्यादा

सूर्याच्या अगदी जवळून जाणारा ग्रह जळगावच्या गच्चीवरून दिसत नाही; मे महिन्यात धुळीने आकाश पांढुरके झालेले असते, मृगात ढग येतात, आणि सूर्याच्या दिशेने दुर्बीण वळवणे म्हणजे डोळे गमावणे होय. ही अडचण युरोपीय अवकाश संस्था व नासा यांच्या, डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानाची चित्रे दूर करतात. यानावरील लास्को-सी३ कॅमेरा मधोमध तबकडी ठेवून सूर्यबिंब झाकतो आणि सभोवार सुमारे ८ अंशांपर्यंतचे आकाश टिपतो. सेवा विनामूल्य आहे, नावनोंदणी लागत नाही आणि जुनी चित्रे तारखेनुसार काढता येतात. मला ही शेवटची सोय सर्वांत मोलाची वाटते.

नमुना म्हणून जून २०२४ ची चित्रे पाहावीत. मेअखेरीस सूर्य रोहिणीत गेला की खानदेशात कापसाच्या लागवडीची लगबग सुरू होते. १ जूनच्या सुमारास तो रोहिणीचा तारा सूर्याच्या दक्षिणेस प्रत्यक्ष दिसतो आणि ४ जूनच्या बहिर्युतीकडे, म्हणजे सूर्याच्या पलीकडच्या बाजूस, निघालेला शुक्रही त्याच चौकटीत असतो. मात्र तेजाची तुलना करू जाता पंचाईत होते. शुक्राची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज अधिक) उणे ३.९ आणि रोहिणीची ०.९, म्हणजे शुक्र सुमारे ऐंशी पट तेजस्वी. पण कॅमेऱ्याचा संवेदक शुक्राच्या प्रकाशाने भरून वाहतो, त्यामुळे ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते आणि खरे तेज कळत नाही.

बुधाच्या बाबतीत तेजातला फरक चित्रांत नुसत्या नजरेनेही जाणवतो. बहिर्युतीजवळ त्याचे बिंब जवळजवळ पूर्ण उजळलेले असल्याने तो उणे २ प्रतीच्या आसपास झळकतो, तर अंतर्युतीकडे, म्हणजे पृथ्वी व सूर्य यांच्या मधोमध, जाताना कोर बारीक होऊन तो पाचव्या प्रतीपर्यंत आणि पुढेही मंदावतो. शुक्राचे तेज एवढे कोसळत नाही. उलट अंतर्युतीच्या अगदी जवळ ते किंचित वाढते, कारण त्याच्या ढगांतील गंधकाम्लाचे थेंब सूर्यप्रकाश पुढच्या दिशेने विखुरतात. अँथनी मलामा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे दाखवले, तेही याच कॅमेऱ्याच्या नोंदी वापरून.

तेव्हा ग्रहाचा मार्ग पाहण्यासाठी तयार चित्रे उत्तम आहेत. तेज मोजायचे असल्यास मात्र मूळ फिट्स फायली (खगोलीय चित्रांच्या मूळ नोंदी ठेवणारा फाइल-प्रकार) उतरवाव्यात. त्याही मोफत मिळतात, पण त्या उघडण्यासाठी संगणक व वेगळे सॉफ्टवेअर लागते. मोबाइलवर पाहणाऱ्यांनी ५१२ ऐवजी १०२४ पिक्सेलचे चित्र निवडावे, अन्यथा मंद बुध हाती लागत नाही.