बोटीवर दागिने ठेवायचे कुठे : तिजोरी, ब्रीफकेस की कंबर?

चिपळूणच्या भाच्याने क्रूझचं बुकिंग केलं आणि फोन केला. बाकी सगळं ठरलं होतं, अडलं होतं ते सुनेच्या दागिन्यांवर. "मामा, खोलीत तिजोरी असते ना? मग झालं की!" असं म्हणून त्याने विषय मिटवलासुद्धा. मी "हो, असते," एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्यावर सोडायला नको होतं. मी दोन वेळा बोटीवर जाऊन आलोय, पहिल्यांदा तिजोरी वापरून आणि दुसऱ्यांदा न वापरता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली फेरी मुंबई–गोवा–मुंबई होती. मालवणहून गोवा गाडीने दोन-अडीच तासांवर. तो बघायला आम्ही कुडाळहून रेल्वेने मुंबईला गेलो आणि बॅलार्ड पिअरवरून बोटीत बसून परत खाली आलो. यावर घरात जे बोलणं व्हायचं ते झालं. निघताना काकी हिला म्हणाली, "सोना घेवन कित्याक जातंस गो बोटीर?" खरं तर तिथेच निम्मा प्रश्न सुटला होता. पण लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून जायचं आणि जेवणाला नटायचं नाही, हे हिला पटेना. दोन पाटल्या, ठुशी, नथ आणि रोजचं मंगळसूत्र एवढं निघालं.

तिजोरीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण वस्तू वाईट नाही. कपाटात आत बोल्टने घट्ट बसवलेली असते, उचलून कुणी नेणार नाही. पाटल्या, पाकीट, ओळखपत्रं, एखादा छोटा टॅब एवढं सहज मावतं. खोली आवरायला माणूस दिवसातून एक-दोनदा येतो, त्याच्यासमोर टेबलावर काही पडलेलं नसावं एवढ्यापुरती ती उत्तमच. बोटीवर रोख पैसे फारसे लागत नाहीत. चहापासून टोपीपर्यंत सगळं बोटीवर मिळणाऱ्या कार्डावर मांडलं जातं. त्यामुळे तिजोरी दिवसातून दहादा उघडायची वेळ येणार नाही, असं मला वाटलं होतं.

पण उघडायची वेळ येते. सकाळी बाहेर पडताना ओळखपत्र काढायचं, संध्याकाळी दागिने काढायचे, रात्री परत ठेवायचे. आणि ही तिजोरी असते कुठे? आमच्या खोलीत ती कपाटात खालच्या फळीवर, लोंबत्या कपड्यांच्या मागे होती. गुडघे टेकायचे, मान वाकडी करायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, मोबाईलची बॅटरी दातात धरायची. देवळात साष्टांग नमस्कार घालतानाही मला एवढी कसरत पडत नाही.

हेसुद्धा चाललं असतं. खरी गोम आकड्यांत आहे. घरच्या कपाटाला एकच किल्ली असते, तसा या तिजोरीला एकच कायमचा आकडा नसतो. हॉटेलात असते तशीच ही. दर वेळी दार लावताना तुम्ही जो आकडा दाबाल तोच उघडण्याचा आकडा. म्हणजे बंद करताना बोट घसरलं तर तिजोरी बिनतक्रार बंद होते, पण कुठल्या आकड्यावर झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं. काही तिजोऱ्या आकडा दोनदा विचारतात. आमची विचारत नव्हती.

दुसऱ्या रात्री तेच झालं. जेवून आलो, पाटल्या आत गेल्या, मी लग्नाचं साल दाबलं, दाबलं असं मला वाटलं, आणि झोपलो. सकाळी बोट मुरगावला लागलेली. उतरणाऱ्यांची रांग लागली होती, खाली बस उभी होती आणि तिजोरी काही उघडेना. साल दाबलं, उलटं साल दाबलं, हिचा वाढदिवस दाबला. चार-पाच चुकांनंतर ती रुसली आणि काही मिनिटं बटणांनाच दाद देईना. रिसेप्शनला फोन केला. अर्ध्या तासाने दोन मुलं आली, एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्याच्या हातात कागद. दोघंही अतिशय अदबशीर, त्यांच्याबद्दल माझी कणभर तक्रार नाही. नियमाप्रमाणे त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र तिजोरीत. ते म्हणाले, मग आत काय काय आहे ते सांगा, उघडल्यावर जुळवून बघतो.

आणि मग आमच्या सौभाग्यवती त्या दोन अनोळखी मुलांसमोर उभ्या राहून यादी सांगू लागल्या. "पाटल्या दोन. ठुशी एक. नथ, मोत्यांची." दुसरा मुलगा लिहून घेत होता. "ठुशी" कशी लिहायची ते त्याने विचारलं. पहिल्याने यंत्र लावलं आणि निवांत श्वास घ्यायच्या आत दार उघडलं.

काही गेलं नाही. सगळं जागच्या जागी होतं. पण बसमध्ये बसल्यावर ही म्हणाली, "माझ्या सख्ख्या जावेला मी नथ किती मोत्यांची ते सांगितलेलं नाही." माझ्या दृष्टीने तिजोरीचा निकाल तिथेच लागला. लपवायला म्हणून ठेवलेल्या वस्तूंची मोठ्याने यादी वाचावी लागली, आणि ज्या दाराशी मी पाऊण तास झटत होतो ते दुसऱ्याच्या यंत्राने क्षणात उघडलं. ते उघडता येतं हे बरंच आहे, नाहीतर आम्ही मुरगावच्या बंदरातच बसलो असतो. तरी मनात राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या फेरीला, लक्षद्वीपला जाताना, मी माळ्यावरची ब्रीफकेस काढली. व्हीआयपीची, नोकरीत असतानाची, तीन आकड्यांची दोन कुलपं असलेली. चेनची बॅग का नको ते सांगतो. आजकालच्या बॅगेला लाख कुलूप लावा, चेनच्या दातांत बॉलपेन खुपसलं की ती उकलते. काम झाल्यावर कुलपासकट चेन इकडून तिकडे फिरवली की दात परत जुळतात आणि कुणाला कळतही नाही. हे मी घरच्या बॅगेवर करून पाहिलं आहे. ब्रीफकेसला चेन नाही, खिट्ट्या आहेत. पटाशी घालून ती उचकटता येईल, पण उचकटलेली दिसेल. आणि आकडा एकदा लावला की तोच. बंद करताना कुणी नव्याने विचारत नाही, नुसती दाबायची आणि आकडे फिरवायचे.

एक मूर्खपणा केला तोही सांगतो. खाऱ्या वाऱ्याने आकड्यांच्या चकत्या जाम झाल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री घरातलं खोबरेल सोडलं, चकत्या झकास फिरू लागल्या. बोटीवरच्या एसीत खोबरेल थिजलं! चोवीस अंशांच्या खाली ते घट्ट होतं हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगायला नको, हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवूनच आमचा जन्म गेला. पहिल्या संध्याकाळी केस वाळवायच्या यंत्राने कुलपाला शेक देत बसलो होतो. शिवणयंत्राचं तेल वापरा.

ब्रीफकेस मी पलंगाखाली भिंतीच्या बाजूला सरकवायचो आणि मुठीतून सायकलची साखळी काढून पलंगाच्या पायात अडकवायचो. गुडघे इथेही टेकावे लागतात, पण नंतर ती उचलून गादीवर ठेवता येते, उजेडात, चष्म्यासमोर. ही आरशापुढे बसून आपली आपण उघडायची. कुणाला पूर्ण ब्रीफकेसच न्यायची झाली तर? साखळी कापून नेईलही. पण बोटीवरून नेणार कुठे? प्रत्येक बंदरावर चढणाऱ्या-उतरणाऱ्याच्या कार्डाची नोंद होते आणि सामान यंत्राखालून जातं. हा काही पुरावा नव्हे हे मलाही कळतं. तिजोरीतूनही माझं काही गेलं नव्हतं आणि ब्रीफकेसमधूनही गेलं नाही, तेव्हा कुठली जास्त सुरक्षित हे मी छातीठोक सांगू शकत नाही. झोप कुठल्या फेरीत लागली ते सांगू शकतो.

तिसरा उपाय वडिलांचा. मी लहान असताना मुंबईहून यायचं ते 'रोहिणी' किंवा 'कोकणसेवक' आगबोटीने. डेकवर पथारी, उशाला ट्रंक. ट्रंकेत कपडे आणि खाऊ, पैसे मात्र वडिलांच्या कमरेला, सदऱ्याखाली बांधलेल्या कशात, म्हणजे पैशांच्या कापडी पिशवीत. बोट दूर उभी राहायची आणि माणसं पडावात, म्हणजे होडीत, उतरायची. लाटेवर पडाव वर आला की खलाशी बखोटीला धरून खाली घ्यायचा. सामान मागून यायचं, कधी भिजून, कधी दुसऱ्याचंच. कशातलं मात्र माणसाबरोबर उतरायचं.

हे आठवलं ते बोटीवरच्या कवायतीत. सुटण्याआधी सगळ्यांना जमवून सांगतात, सात आखूड भोंगे आणि एक लांब असा आवाज झाला की नेमलेल्या जागी या, सामानासाठी खोलीत परतू नका. ही नुसती औपचारिकता समजू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या गिग्लिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली तेव्हा तिच्यावर चार हजारांहून अधिक माणसं होती आणि बत्तीस जीव गेले. नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम कडक होऊन कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. अशा वेळी तिजोरी आणि ब्रीफकेस दोन्ही सारख्याच निरुपयोगी, अंगावर असेल तेवढंच तुमचं. म्हणून ओळखपत्र, एक बँकेचं कार्ड आणि थोड्या नोटा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवतो. लक्षद्वीपला बोट लांब उभी राहिली आणि आम्ही लहान होडीतून बेटावर गेलो, तेव्हा तर हुबेहूब पडावच आठवला.

पण दागिन्यांना पट्टा चालत नाही. मे महिन्यात कमरेला कापडी पट्टा बांधून तासभर हिंडा म्हणजे घामोळं काय ते कळेल. शिवाय पोहायला उतरायचं तर तो काढून खुर्चीवर ठेवावा लागतो, म्हणजे होता तोही उपयोग गेला.

चौथा मार्ग कुणी वापरत नाही. मौल्यवान वस्तू रिसेप्शनवर रीतसर जमा करून पावती घेणे. प्रवासी वाहतुकीच्या १९७४ च्या अथेन्स कराराप्रमाणे पैसे, दागिने, सोनंनाणं यांची जबाबदारी बोटीवर येते ती सांभाळायला म्हणून तिच्या स्वाधीन केलं असेल तरच. माझ्या तिकिटाच्या अटीही त्याच धर्तीच्या होत्या. खोलीतल्या तिजोरीत आपणच ठेवलेलं त्यात धरलेलं नव्हतं. तुमच्या तिकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचा. खरंच लाखांचा ऐवज असेल तर हाच रस्ता सरळ, पण रोज जेवणाआधी रांगेत उभं राहून ठुशी सोडवून आणायची तयारी हवी. आणि तिथेही यादी सांगावी लागणारच.

भाच्याला मी काय सांगेन? तू तिशीतला, गुडघे शाबूत, आकडे तोंडपाठ, तुला तिजोरी जमेल. बंद करताना आकडा मोठ्याने म्हणत दाब, आणि उतरायच्या आदल्या रात्री एक चप्पल त्या तिजोरीत ठेव, म्हणजे रिकामी न करता पाऊल बाहेर पडणार नाही. पण सुनेचं सोनं न्यायचंच असेल, तर आमच्या माळ्यावरची ब्रीफकेस घेऊन जा. मी तेल घालून ठेवली आहे. आमच्या हिने तर पुढच्या वेळी पाटल्या बँकेच्या लॉकरमध्येच ठेवायचं ठरवलंय. नथ आणि ठुशी मात्र येणार.

ब्रीफकेस चढताना हमालाच्या हवाली करू नकोस. तिथे दिलेलं सामान खोलीवर यायला संध्याकाळ होते. उतरायच्या आदल्या रात्रीही तेच, मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. लक्षद्वीपहून परतताना ब्रीफकेस चुकून बाहेर जाऊ नये म्हणून मी ती उशाशी घेऊन झोपलो. ब्रीफकेस राहिली. सकाळी घालायची पँट मात्र मोठ्या बॅगेतून रात्रीच बाहेर गेली होती. मुंबईला मी पायजम्यावर उतरलो, हातात ब्रीफकेस आणि कमरेला पट्टा. ही चार पावलं मागून चालत होती, ओळख न दाखवता.