छतात जाणारी शीट, टेबलावरची शिप्रा

एक्सपीएस (एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन) हा कडक फोम. त्याची शीट ही मुळात कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत नाहीतर गच्चीच्या स्लॅबवर घालायची वस्तू. निळी, गुलाबी, कधी हिरवट. रंग कंपनीचा, गुण जवळपास सारखेच. मिनिएचर वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायची लढाई. तिचं टेरेन (टेकड्या, नद्या, भिंती) हाताने बांधणाऱ्यांना मात्र ती दुसऱ्याच कामाला लागते. इंदूरच्या बाजारात मिळणारा हा माल त्या कामाला कितपत उतरतो, हे तपासायला नमुना घरचाच घेतला आहे: महिदपूर, २१ डिसेंबर १८१७. अलीकडे इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज, मध्ये शिप्रेचा उतार (नदी पायी ओलांडायची जागा), पलीकडे होळकरांच्या तोफा. सैनिक २८ मिमी उंचीचे, टेबल ६ × ४ फुटांचं.

आधी खरेदीचं, कारण निम्मी फसगत तिथेच होते. रंग, फेविकॉल, कटर, वाळूची चाळणी हे सगळं सियागंजात पायी फिरून मिळतं, तार आणि अडॅप्टर महाराणी रोडला. शीट मात्र इन्सुलेशनवाल्याकडेच मागावी लागते आणि तिथे पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘पूरा बंडल लेना पड़ेगा, भिया.’ चार-पाच शीट हव्या असणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. खरेदीतली सगळ्यात मोठी तक्रार हीच. त्यावर तोड म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा कोल्ड रूमचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडची उरलेली शीट. कोपरे तुटलेली चालते, मधोमध बुटाचा ठसा असलेली नाही.

‘फोम’ म्हटलं की दुकानात चार वेगळ्या वस्तू समोर येतात. कोपरा मोडून बघा. साबुदाण्यासारखे दाणे सुटले तर ते साधं थर्मोकोल. पिवळट आणि बोटाने चोळल्यावर पीठ होणारा तो पीयू (पॉलियुरेथेन). गरम तारेने तो वितळत नाही, जळतो, आणि त्याचा धूर घरात नकोच. दाबल्यावर परत फुगणारा पांढरा तो पॅकिंगचा ईपीई, त्याला कोरताच येत नाही. एक्सपीएसचा मोड आतून एकसंध, बारीक असतो आणि नखाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. हा राहणारा खळगाच आपल्याला विकत घ्यायचा असतो. डेन्सिटी घनमीटरला ३२ किलोच्या आसपास पुरेशी. त्याहून जड शीट छतासाठी चांगली, पण पेनने दगड कोरताना मनगट भरून येतं.

शीटचं ठरावीक माप १२५० × ६०० मिमी. हे माप ६ × ४ च्या टेबलावर इतकं नेमकं बसतं की कुणी मुद्दाम ठरवलंय असं वाटावं. तीन शीट शेजारी ठेवल्या की होतात १८०० × १२५० मिमी. टेबल आहे १८२९ × १२१९. म्हणजे लांबीत २९ मिमी कमी पडतात आणि रुंदीत ३१ मिमी उरतात. प्रत्येक शीटची ३१ मिमीची पट्टी कापायची. अशा ६०० मिमीच्या तीन पट्ट्या मिळतात. त्यांतल्या दोन सबंध आणि तिसरीचा १९ मिमीचा तुकडा जोडला की टेबलाच्या टोकाला लावायची १२१९ मिमीची कड तयार. चौथी शीट लागत नाही. फक्त घेताना कडा बघा. काही शीटना एकमेकींवर चढायला कडेला अर्ध्या जाडीची पायरी असते. ती कापून टाकली की हा सगळा हिशोब कोलमडतो. सरळ कडेची शीट मागा.

वजनाचं बोलायचं तर २५ मिमी जाडीची एक शीट साधारण ६०० ग्रॅम भरते, म्हणजे पूर्ण टेबल पावणेदोन किलोच्या आसपास. तेवढ्याच मापाचा ६ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) दहा किलोंच्या घरात जातो. तिसऱ्या मजल्यावर खेळायला जाणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

कापायला कटर की गरम तार? दोन्ही. सरळ रेघेला १८ मिमीचा कटर, पातं दोन इंच बाहेर काढून, तीन फेऱ्यांत. पहिली फेरी फक्त रेघ ओढल्यासारखी हलकी, जोर तिसरीत. एकाच दमात कापायला गेलं की खालच्या बाजूने फोम उचकटतो. एक्सपीएस पात्याची धार फार लवकर खातो. कापताना चर्र आवाज यायला लागला की टोक मोडायचं, ‘अजून एक कट’ करायचा नाही.

तारेचा हिशोब मात्र नीट करा. २८ गेजच्या नायक्रोम (हीटरच्या) तारेचा रोध मीटरला साधारण १० ओहम, म्हणजे तार ताणून धरणाऱ्या धनुकलीतल्या ३० सेंमी तुकड्याचा ३ ओहम. त्याला १२ व्होल्ट थेट दिले की ४ अँपिअर जातात, तार लाल होते, फोम धुराडतो आणि काप हवा त्यापेक्षा दुप्पट रुंद पडतो. ६ व्होल्टवर २ अँपिअर जातात. तार काळीच राहते आणि काप काचेसारखा येतो. अडॅप्टर १२ व्होल्टचाच असेल तर अडॅप्टर आणि तारेच्या मध्ये डीसी डिमर लावा. धूर दिसतोय म्हणजे तार जास्त तापली आहे. न दिसणारी वाफही चांगली नसते, तेव्हा खिडकी उघडी आणि पंखा आपल्या पाठीमागून. तार तापली की लांब होऊन लोंबते, म्हणून धनुकलीच्या एका टोकाला स्प्रिंग हवी. ती नसेल तर टेकडीचा उतार पोटातून वाकडा येतो आणि दोष हाताला दिला जातो.

टेकडीचा उतार किती ठेवायचा, हे नजरेवर सोडू नका. २५ मिमीच्या थराला ४५ अंशाचा उतार दिला तर दिसायला छान, पण २५ मिमी बेसचा (पायाखालच्या चकतीचा) सैनिक त्यावर उभा राहत नाही, घरंगळतो. त्याच थराचा उतार आडवा ४३ मिमी लांब केला की ३० अंश होतात. धातूचे सैनिक तिथेही कुरकुर करतात, प्लास्टिकचे टिकतात. खेळायची टेकडी पायऱ्यांची आणि बघायची टेकडी उताराची, हेच शेवटी खरं.

आता चिकटवणं. एक्सपीएसने सर्वांत जास्त छळ होतो तो इथे. फेविकॉल पाणी उडून वाळतो. लाकडात, पुठ्ठ्यात पाणी शिरायला वाट असते. एक्सपीएसची प्रत्येक पेशी बंद, पाणी जाणार कुठे? दोन शीटच्या मध्ये भरपूर फेविकॉल फासला तर कडा दुसऱ्या दिवशी कडक होतात आणि मधला भाग आठवड्यानंतरही दुधाळ, ओला निघतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. उपाय असा: दोन्ही पृष्ठभागांवरची कंपनीची गुळगुळीत साय ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढायची, फेविकॉलचा हात अगदी पातळ फिरवायचा, तोही पूर्ण न भरता पट्ट्यापट्ट्यांनी, म्हणजे हवेला वाट राहते. वरून टूथपिक तिरक्या खुपसायच्या आणि ४८ तास वजनाखाली ठेवायचं. तार फिरवायच्या जागी टूथपिक नको, तार तिथे अडते.

घाई म्हणून रबराचा पिवळा ॲडहेसिव्ह काढलात तर शीट डोळ्यांदेखत खड्ड्यात जाते, कारण त्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं. फेविक्विकही फोम खातो. ग्लू गन चालते, पण कमी तापमानाची, आणि थेंब आधी पुठ्ठ्यावर टेकवून मग फोमवर.

कोरीव काम हा या शीटचा खरा मान. महिदपूरच्या टेबलावर शेताच्या गडग्या आणि पडक्या घरांच्या भिंती हव्यात. शीटमधून ८ मिमी जाड, २० मिमी उंच पट्टी काढा. २८ मिमीच्या माणसाच्या छातीला लागेल एवढी ती भरते. शाई संपलेल्या बॉलपेनने १ मिमी खोल रेघा दाबा. गावच्या गडगीत दगड एका उंचीचे नसतात, तेव्हा आडव्या रेघा फूटपट्टीने ओढू नका. ३ ते ५ मिमी उंचीचे, ६ ते १० मिमी लांबीचे दगड, आणि उभा सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही. मग दोन-चार दगड पेनच्या मागच्या बाजूने आत दाबायचे. शेवटी ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा भिंतीवरून लोळवायचा. दहा सेकंदांत प्लास्टिकचा तुकतुकीतपणा जातो आणि माळव्याचा काळा दगड दिसायला लागतो. थर्मोकोलवर हे करून बघा: दाणे उपटून येतात, दगडाऐवजी चिवडा दिसतो.

दरवाजाचं माप घेताना एक चूक हमखास होते. सैनिक बेसवर उभा असतो, बेस ३ मिमीचा. त्यामुळे प्रमाणात बरोबर काढलेला ३५ मिमीचा दरवाजा टेबलावर बुटका दिसतो. ३८ ते ४० ठेवा.

रंगाआधी कवच. काळं इमल्शन ३ भाग, फेविकॉल एमआर १ भाग, पाणी १ भाग. दोन हात, मध्ये चार तास. पांढऱ्या इमल्शनमध्ये काळा स्टेनर ओतून काळा रंग करायचा प्रयत्न फसतो. करडा होतो आणि स्टेनर प्रमाणाबाहेर गेला की रंग बोटाला लागत राहतो. काळा डबा तयारच घ्या. हे कवच नीट बसलं तरच पुढे स्प्रे वापरता येतो. सुईच्या टोकाएवढी जागा जरी उघडी राहिली, तरी स्प्रेचं सॉल्व्हंट आत शिरून फोम पोखरतं. वरून रंग शाबूत, खाली पोकळी. कळतं तेव्हा बोट आत गेलेलं असतं. कापलेल्या कडा आणि टूथपिकची भोकं आधी तपासा.

नदीसाठी २५ मिमी शीटमध्ये १२ मिमी खोल पात्र कोरायचं, यू आकारात वाकवलेल्या तारेने. रुंदी १५० मिमी पुरे. नदी ओलांडायचा उतार दाखवायचा तिथे फक्त ६ मिमी खोल आणि तळाला बारीक खडी, म्हणजे पायदळ कुठून पार होणार हे खेळणाऱ्याला न विचारता कळतं. पाणी रेझिनचं. ‘रेझिन’ एवढंच म्हणाल तर हार्डवेअरवाला फायबर ग्लासचं पॉलिएस्टर रेझिन पुढे करतो. त्यात स्टायरीनच असतं. शिप्रा तळ फोडून टेबलाखाली उतरेल. इपॉक्सी मागा, आणि तेही कवच चढवलेल्या पात्रातच. एका वेळी ३ मिमीच ओता, कारण इपॉक्सी घट्ट होताना तापतं आणि जाड थराची उष्णता फोमला सोसत नाही. चार फूट लांब, १५० मिमी रुंद नदीला ३ मिमीच्या एका थराला ५५० मिली लागतं. दोन थरांत सव्वा लिटरच्या आत काम होतं. डिसेंबरची शिप्रा आहे, निळा रंग घालू नका. तळ हिरवट-खाकी रंगवा आणि पाणी कोरं ठेवा.

माती आपलीच वापरावी असं प्रत्येकाला वाटतं. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. फेविकॉलमध्ये कालवून थापली तर दोन दिवसांत उलते. उललेलं उन्हाळी शेत हवं असेल तर फुकटात मिळालं म्हणायचं. बाकी जागी तीन भाग चाळलेली वाळू आणि एक भाग माती, आधी ओव्हनमध्ये तासभर भाजून, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. आणि ही माती वाळल्यावर काळी नसते, राखाडी-तपकिरी असते. काळ्या कवचावर गडद तपकिरी, त्यावर बिस्किटी रंगाचा कोरडा (जवळजवळ पुसून घेतलेला) ब्रश. उभ्या पिकाला काथ्याचं पायपुसणं कापून हिरवं रंगवलं की गहू उभा.

मग थर्मोकोल टाकूनच द्यायचं? सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे नवीन शोधत फिरू नका. पण फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग घरात पडलेलं असतंच. टेकडीचा गाभा त्याचा करा, वरचा एकच थर एक्सपीएसचा. पूर्ण टेकडी एक्सपीएसची करणं म्हणजे भजीसाठी साजूक तूप. सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा सपाट बोर्ड) घरांच्या सपाट भिंतींना चांगला, दगडाला निकामी. खेळताना हात लागणार, सैनिक आपटणार, कडा दुखावणार, अशा प्रत्येक जागी मात्र एक्सपीएसला पर्याय नाही, आणि बंडलची कटकट सोसूनही तीच घ्यावी.

तयार टेबल पोटमाळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. ही शीट ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि वर इपॉक्सीची नदी असेल तर फोम आणि रेझिन वेगवेगळ्या चालीने हलतात, तुकडा केळ्यासारखा वाकतो. तुकडे उभे ठेवा, मध्ये बटर पेपर. इमल्शनचे दोन पृष्ठभाग उन्हाळाभर एकमेकांवर दाबून राहिले तर चिकटतात आणि ओढताना एकाची माती दुसऱ्यावर जाते.