क्यूक्रिप्टला संशोधन पाठवताना

क्वांटम क्रिप्टोग्राफीत, म्हणजे क्वांटम भौतिकीच्या आधारे माहिती गुप्त ठेवण्याच्या शास्त्रात, काम करणाऱ्यांनी पहिली पसंती क्यूक्रिप्टलाच द्यावी. 2011 साली झुरिचला सुरू झालेली ही परिषद कार्यवृत्त (सादर झालेल्या लेखांचा संग्रह) छापत नाही, त्यामुळे तेच काम जर्नललाही देता येतं. ही फार मोठी सोय आहे.

व्याख्यानासाठी एक ते तीन पानांचा सारांश आणि सोबत सविस्तर तांत्रिक लेख लागतो. खरी कसोटी सारांशाची. परीक्षकांत सिद्धांतवाले आणि प्रयोगवाले दोन्ही असतात, म्हणून गृहीतकं, हल्ल्याचा प्रकार आणि आधीच्या निकालांपुढे नेमकं काय गेलं, हे पहिल्याच पानावर हवं. प्रयोग असेल तर फायबरचे किलोमीटर सांगून थांबू नका. सिग्नलची डेसिबलमधली घट, त्रुटीदर, डिटेक्टरचे डार्क काउंट (प्रकाश नसतानाही होणाऱ्या खोट्या नोंदी) आणि ब्लॉकची लांबी (एकत्र प्रक्रिया केलेल्या सिग्नलची संख्या) द्या. अनेक सारांश इथेच लंगडे पडतात: गुप्त किल्ली तयार होण्याचा दर अनंत लांबीच्या ब्लॉकसाठी काढलेला असतो. ब्लॉक लहान झाला की सांख्यिकीय चढउतारांची वजावट वाढते आणि तोच दर शून्यावरही येऊ शकतो.

बढतीसाठी छापील कार्यवृत्तच मोजणाऱ्या विद्यापीठांत मात्र या व्याख्यानाचं वजन कमी पडतं. काम अर्धवट असेल तर पोस्टर पाठवा. तिथली चर्चा जास्त खोल होते.