एफएफएमपेगचं बिल्डकॉन्फ, साडेचार स्टार

गेल्या महिन्यात एका क्लायंटचा जुना सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. त्यावर कुणीतरी एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायचा कमांड-लाइन प्रोग्रॅम) सोर्सवरून स्वतः कंपाइल करून टाकलेलं, तो माणूस नोकरी सोडून गेलेला, नोट्स नाहीत, सोर्सचा फोल्डर पण उडवलेला. नवीन व्हिडिओ एच265 या कॉम्प्रेशन फॉरमॅटमधे हवे होते, रन केलं की 'अननोन एन्कोडर लिबएक्स265', म्हणजे तो फॉरमॅट बनवणारी लायब्ररी ओळखीची नाही. मला वाटलं लायब्ररीच नसेल, ती टाकली, तरी तीच एरर. अर्धा तास गेला यात.

मग बिल्डकॉन्फ ऑप्शन देऊन एफएफएमपेग चालवलं (प्रोग्रॅम कुठले ऑप्शन देऊन बिल्ड केलाय ते हा दाखवतो) आणि त्या माणसाने कॉन्फिगर करताना जे जे दिलं होतं ते सगळं एकाखाली एक समोर! इनेबल-जीपीएल आहे, इनेबल-लिबएक्स264 आहे, 265 ची ओळच नाही. म्हणजे लायब्ररी कितीही टाका, बिल्ड करतानाच सांगितलं नाही तर बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅम फाइलमधे, एन्कोडर येणार कुठून. तीच यादी उचलली, एक ऑप्शन वाढवला, परत बिल्ड केलं, जुन्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालल्या.

करतात काय तर कॉन्फिगरला दिलेली अख्खी ओळ स्ट्रिंग म्हणून बायनरीत जाते, आणि नुसत्या मेन प्रोग्रॅममधे नाही तर लिबएव्हीकोडेक, लिबएव्हीफॉरमॅट या त्याच्याच लायब्ररी, सगळ्यांत आपापली प्रत. त्यामुळे एकाच मशीनवर दोन एफएफएमपेग असतील आणि प्रोग्रॅम एकाचा नि लायब्ररी दुसऱ्याची उचलली गेली, तर बॅनरमधेच (चालवल्यावर सुरुवातीला जी माहिती छापली जाते त्यात) 'लायब्ररी कॉन्फिगरेशन मिसमॅच' अशी वॉर्निंग येते. हे मला फार आवडलं. दुसऱ्या प्रोसेसरची फाइल असेल, चालवता येत नसेल, तर फाइलमधला वाचता येणारा मजकूर काढणारी स्ट्रिंग्ज कमांड मारा, ओळ सापडते. आणि यादीत इनेबल-नॉनफ्री दिसलं तर ती बायनरी पुढे कुणाला वाटायची नाही, क्लायंटला देण्याआधी हे बघाच.

अर्धा स्टार का कापला? यात फक्त हाताने दिलेले ऑप्शन दिसतात. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीसारखं जे कॉन्फिगर स्वतः शोधून जोडतं त्याचा पत्ता नाही, आणि 265 जोडलंय हे कळतं पण कुठलं व्हर्जन ते नाही. त्यामुळे एन्कोडर्सची यादी वेगळी काढून बघावीच लागते. लिनक्स कर्नल इथे पुढे आहे, प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या कॉन्फिग जीझेड फाइलमधे पूर्ण कॉन्फिग मिळतो, आपोआप ठरलेल्या गोष्टींसकट, अर्थात ज्याने कर्नल बिल्ड केला त्याने त्यासाठीचा आयकेकॉन्फिग ऑप्शन चालू ठेवला असेल तरच.

एक हात जोडून विनंती, स्क्रिप्टमधे तो बॅनर लपवणारा हाइड-बॅनर ऑप्शन टाकू नका हो. त्या सर्व्हरवर प्रत्येक कमांडला तेच होतं, नाहीतर ही अख्खी ओळ मला पहिल्याच लॉगमधे दिसली असती. मी सगळीकडून काढून टाकलंय.