खाऱ्या हवेत दहा महिने: गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर, त्याचा क्लॅम्प आणि एकदा आलेली वेळ

गेल्या श्रावणात घेतलेला आग विझवायचा १ किलोचा लाल सिलेंडर या जूनपर्यंत दोन जागा बदलून, एका खऱ्या आगीवर रिकामा होऊन आणि पुन्हा भरून माझ्या गाडीत बसला आहे. घेताना मी सगळा विचार सिलेंडरचा केला, तो बसवायच्या क्लॅम्पचा अजिबात केला नाही. म्हणून हा अनुभव लिहिताना क्लॅम्पबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी मालवणात राहते. नोकरीसाठी रोज ओरोसला जाऊन-येऊन करते. गाडी पेट्रोलवरची, आठ वर्षांची. पावसाळ्यात उंदरांनी इंजिनातली वायर कुरतडली आणि बॉनेटखालून जळका वास आला, त्या दिवशी सिलेंडर घ्यायचं ठरलं. आमच्याकडे पाऊस लागला की उंदीर कोरड्या, उबदार जागेत शिरतात, आणि रात्री उभ्या केलेल्या गाडीच्या इंजिनाइतकी उबदार जागा परसात दुसरी नसते. वायरवरचं प्लास्टिक गेलं की तांबं उघडं पडतं, ते बॉडीला टेकलं की शॉर्ट सर्किट. वायरमनने वायर बदलली, पण माझ्या मनातली धास्ती गेली नाही.

निवड करायला वेळ लागला नाही. दुकानात कार्बन डायऑक्साइडचाही दाखवला होता, तो लगेच बाजूला ठेवला. एक तर तो जड असतो, उघड्यावर वाऱ्याने त्याचा गॅस उडून जातो, आणि ३१ अंशांच्या वर त्या गॅसचं द्रव रूप टिकत नाही, त्यामुळे तापलेल्या गाडीत बाटल्यातला दाब झपाट्याने वाढतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत अशी वस्तू मला नको होती. क्लीन एजंटचा, म्हणजे उडून जाणाऱ्या रसायनाचा, सिलेंडर चांगला, मागे पावडरचा राडा राहत नाही, पण किंमत माझ्या आवाक्याबाहेरची होती. राहिला एबीसी पावडरचा. ए म्हणजे कापड, फोम, लाकूड. बी म्हणजे पेट्रोल, ऑइल. सी म्हणजे गॅस. गाडीत हे सगळंच असतं. ही पावडर वीज वाहून नेत नाही, म्हणून वायरिंगच्या आगीवरही चालते.

दोन गोष्टी मात्र आग्रहाने बघितल्या. पहिली, आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ हा अग्निशामकांच्या भारतीय मानकाचा क्रमांक. खुणेखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. ते सिलेंडरवरच्या नावाशी जुळलं, तेव्हाच पैसे दिले. दुसरी, पावडर कोणती. ५० टक्के आणि ९० टक्के मोनो अमोनियम फॉस्फेट (आग विझवणारा मुख्य घटक) अशा दोन प्रती मिळतात. मी ९० ची घेतली. अर्ध्या किलोचा बाटला सुटसुटीत दिसतो, पण त्यात अगदी थोडे सेकंद मिळतात. १ किलोतसुद्धा आठ-दहा सेकंदच असतात, हे पुढे मला चांगलंच कळलं.

आता बसवण्याचं. सिलेंडरबरोबर पत्र्याचा एक हुक आला होता, भिंतीवर टांगायचा. गाडीत त्याचा उपयोग नाही. मग मी वेल्क्रोचे दोन पट्टे घेतले आणि सिलेंडर माझ्याच सीटखाली, पुढच्या बाजूला बांधला. हात खाली नेला की लागेल, असा हिशेब. महिनाभर ठीक चाललं. दसऱ्यानंतर कोल्हापूरहून परतताना फोंडा घाट उतरत होते. एका वळणावर ब्रेक दाबला आणि पायाला काहीतरी आडवं लागलं. पट्टा सुटून सिलेंडर घरंगळत ब्रेकच्या पॅडलखाली आला होता. पॅडल अर्ध्यावर अडलं. मागे गाडी नव्हती, वेग कमी होता, मी गिअर खाली टाकून हँडब्रेकने कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. ज्या वस्तूने मला वाचवायचं, तिनेच त्या दिवशी माझा ब्रेक अडवला होता.

घरी आल्यावर वहीत हिशेब मांडला. १ किलो पावडर आणि बाटला मिळून भरलेला सिलेंडर साधारण २ किलोचा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर लागतो. म्हणजे २ किलोचा लोखंडी बाटला ४० किलोच्या धक्क्याने पुढे येणार. मागच्या काचेजवळच्या फळीवर किंवा डिकीत सुटा ठेवलेला सिलेंडर बघितला की आता मला सीटवर बसलेल्या माणसाची मान दिसते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या दादांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते प्रत्येकाने ऐकायला हवं: फ्लोअरला भोक पाडायचं नाही. गाडीच्या पोटाखालून पेट्रोलची नळी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग गेलेलं असतं, आणि भोक पाडलं की खाऱ्या पाण्याला आत यायला वाट मिळते. सीटखाली पिवळ्या सॉकेटच्या वायरी दिसल्या तर त्यांना हातही लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. सीटचे मूळ बोल्ट ढिले करून त्याखाली पट्टी घालायलाही त्यांनी नकार दिला, कारण ते बोल्ट सीट आणि त्यावरचा माणूस धरून ठेवतात. मग शेजारच्या सीटच्या पुढच्या आडव्या पाइपला दोन कड्यांनी एक पट्टी घट्ट बसवली आणि तिच्यावर लोखंडी क्लॅम्प. सिलेंडर आडवा, दाराला समांतर नाही तर गाडीच्या रुंदीत, हँडल माझ्या बाजूला. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून बघितली, कुठे वायर घासत नाही ना. प्लास्टिकच्या बकलऐवजी स्प्रिंगचं लोखंडी बकल घेतलं. ते एका हाताने उघडतं, पण हलवून हलवून सुटत नाही.

हे सगळं नोव्हेंबरात झालं. फेब्रुवारीत बकल उघडायला गेले, तर उघडेना. दादांनी पाना लावून बघितला आणि म्हणाले, "वैनी, नट गंजलो बघा. ह्यो आता सुटाचो नाय." तीन महिन्यांत! घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पायपुसण्यांवर कायम वाळू आणि ओल. गाडीतल्या वस्तूलाही खारी हवा सोडत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आणीबाणीत तो क्लॅम्प उघडलाच नसता.

यावर उपाय बंदरावर मिळाला. होड्यांची कामं करणाऱ्या एका काकांनी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा क्लॅम्प आणि बोल्ट दिले. साध्या ३०४ पेक्षा हे स्टील खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. त्यांनीच सांगितलं, की स्टेनलेस आणि साधं लोखंड ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना चिकटून राहिलं की लोखंड लवकर गंजतं. म्हणून दोन्हींच्या मध्ये रबराची पट्टी आणि बोल्टला होडीसाठी वापरतात ते ग्रीस. तो क्लॅम्प आज चार महिने झाले, तिथेच आहे, आणि गेल्या रविवारीही एका झटक्यात उघडला. सिलेंडरच्या तळाच्या कडेला मात्र रंग उडून बोटभर गंज आला होता. तो पॉलिश पेपरने घासून रंग लावला. गंज नुसता वरवरचा नसून खड्डे पडलेले दिसले असते तर सिलेंडर बदलला असता. आत दाब असतो, तिथे काटकसर करायची नाही.

उन्हाचीही भीती होती. माझ्या सिलेंडरच्या लेबलावर ५५ अंशांची मर्यादा आहे. मे महिन्यात भर दुपारी काचा बंद करून थर्मामीटर ठेवून बघितला: डॅशबोर्डवर ६८, सीटखाली ४६. म्हणजे सीटखालची जागा त्याही दृष्टीने बरोबर निघाली. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली तो ठेवू नका.

आणि मे महिन्याच्याच पहिल्या आठवड्यात तो वापरायची वेळ आली. कसालहून येताना कट्ट्याच्या पुढे आंब्याच्या पेट्यांनी भरलेला एक पिकअप कडेला उभा होता, बॉनेटच्या फटीतून काळा धूर, आणि ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन बॉनेट वर उचलायच्या बेतात. मी ओरडून त्याला थांबवलं. बॉनेट पूर्ण उघडलं की आत हवा शिरते आणि ज्वाळा तोंडावर येते. त्याला आधी चावी बंद करायला लावली, म्हणजे फ्युएल पंप थांबतो. बॉनेटचा खटका आतून ओढून नुसती फट ठेवली. वारा समुद्राकडून होता, म्हणून पश्चिमेच्या बाजूने उभी राहिले, पाठीवर वारा घेऊन. पिन ओढली, नोझल फटीत, ज्वाळेच्या बुडाशी. तीन-चार सेकंद दाबलं आणि ज्वाळा गेली. मी हँडल सोडलं. जेमतेम श्वास घेतला असेल, तर पुन्हा पेटलं! बॅटरीला थेट जोडलेली वायर अजून तापलेली होती. उरलेली पावडर त्यावर मारली, तेवढ्यात ड्रायव्हरने पाना मिळवून बॅटरीचं टर्मिनल काढलं. मग विझलं ते विझलं. पहिल्याच दमात सगळा सिलेंडर रिकामा केला असता, तर दुसऱ्यांदा हातात काहीच नव्हतं. ११२ वर फोन माझ्या मुलीने तोवर लावलेला होता.

कारण काय, तर घाटातल्या धुक्यासाठी बसवलेले जादा पिवळे लाइट. फ्यूज नाही, रिले नाही, वायर सरळ बॅटरीवरून आणि बॉनेटच्या पत्र्याला घासत गेलेली. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना असे लाइट असतात. माझ्याही होते. मी त्याच आठवड्यात बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज टाकून घेतला.

त्या ड्रायव्हरला मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती इथे कुणी सांगत नाही: ही पावडर ओल धरली की आम्लधर्मी होते आणि धातू खाते. कोकणातल्या हवेत ओल धरायला तिला एक रात्र पुरते. त्याच दिवशी आधी कोरड्या ब्रशने आणि हवेच्या पाइपने झाडायची, मग ओलसर फडक्याने पुसायची. आधी पाणी मारलं तर लगदा होऊन ती कनेक्टरमध्ये शिरते.

रिफिल ३५० रुपयांत झाली. थोडाही वापरलेला सिलेंडर रिफिल केल्याशिवाय परत गाडीत ठेवू नका. पावडरचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काय करते तेही लिहिते. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघते. पावडर कमी झालेली नाही ना, हे कळायला किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून लेबलावरच्या वजनाशी ताडते. मग उलटा धरून बुडाला तळहाताने थापट्या मारते. खड्ड्यांच्या रस्त्यावर पावडर दबून बसते, ती आत सरकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. टॉर्चने नोझलमध्ये बघते. एप्रिलमध्ये त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं, काच थोडी उघडी राहिली होती म्हणून. काडीने ते काढलं. शेवटी क्लॅम्प तीनदा उघडते आणि लावते.

सीएनजी गाडी असेल तर आधी पुढच्या सीटांखाली वाकून बघा. कंपनीतून सीएनजी बसून आलेल्या पुष्कळ गाड्यांत आग विझवायचा सिलेंडर आधीच दिलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्यावरची तारीख वाचा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची आग असेल तर हा १ किलोचा सिलेंडर काही करू शकत नाही. पावडर त्या बॅटरीला थंड करत नाही. तिथे माणसं उतरवायची आणि लांब जायचं. पेट्रोलच्या गाडीतही आग टाकीकडे किंवा केबिनमध्ये पसरली असेल तर सिलेंडर विसरायचा आणि आधी मुलं बाहेर काढायची.

माझा पूर्ण खर्च: सिलेंडर ९५०, लोखंडी क्लॅम्प आणि मजुरी ४००, जो वाया गेला, स्टेनलेसचा क्लॅम्प ६५०, रिफिल ३५०. पुन्हा घ्यायचा झाला तर सिलेंडर हाच घेईन, आणि क्लॅम्पसाठी पहिल्याच दिवशी बंदरावर जाईन. दादांनी आता तशीच पट्टी माझ्या भावाच्या रिक्षासाठी कापून ठेवली आहे. रिक्षाला मागे इंजिन असतं, म्हणून तिथे सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाजवळ डाव्या बाजूला बसवायचा विचार आहे. पायाला अडणार नाही ना, हे येत्या रविवारी बसवून बघू.